जुन्या पोस्टचा स्क्रीनशॉट प्रवेशाच्या खिडकीवर नको

प्रति,
मा. कुलगुरू, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगर
मा. कुलगुरू, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड
तसेच आठही जिल्ह्यांतील संलग्न व स्वायत्त महाविद्यालयांचे प्राचार्य, संस्थाचालक आणि वसतिगृहांचे अधीक्षक

विषय : अठरा वर्षांखाली असताना केलेल्या आक्षेपार्ह पोस्टवरून प्रवेश नाकारणे, लांबवणे किंवा दाखल्यावर शेरा मारणे थांबवण्याबाबत

महोदय, महोदया,
स.न.वि.वि.

प्रवेशाच्या दिवसांत गुणवत्ता यादी लागली की प्राचार्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास एखादा स्क्रीनशॉट येऊन पडतो. नववी-दहावीत असताना कुणी तरी जातीवरून, धर्मावरून किंवा मुलींवरून काही तरी घाणेरडे लिहिलेले असते आणि खाली ओळ असते, ‘असल्या पोराला तुम्ही प्रवेश देणार का?’ अशा वेळी नेमके काय करायचे हे लेखी ठरलेले नसले, की सगळे समोरच्या माणसाच्या स्वभावावर जाते. एक प्राचार्य मेसेज पुसून टाकतात, दुसरे पालकांना बोलावून ‘दाखला परत घेऊन जा’ म्हणतात.

आम्ही बाल न्याय मंडळासमोर उभे राहणारे वकील, शाळांमधले समुपदेशक, प्रवेश प्रक्रियेत काम केलेले प्राध्यापक आणि डिजिटल पुरावा हाताळणारे तंत्रज्ञ आहोत. आमचे म्हणणे असे, की अठरा पूर्ण होण्याआधीची पोस्ट, कितीही ओंगळ असली तरी, प्रवेशाच्या निर्णयात मोजू नये. त्या पोस्टचे काही करायचे असेल तर त्याची जागा वेगळी आहे, आणि ती कायद्याने आखून दिलेली आहे.

आम्ही या पोस्टना पोरखेळ समजतो, असा अर्थ कृपया काढू नये. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर या भागात दलितांच्या वस्त्या पेटल्या. १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार पदरात पडायला सोळा वर्षे गेली. जिभेवरचा शब्द इथे हातात काडी घेऊन निघतो, हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. २०२३ पासून आरक्षणाच्या प्रश्नावर गावागावांत जी तेढ वाढली तिचे निम्मे भांडण स्टेटसवरच झाले. बीड जिल्ह्यात पोलिसांच्या नावाच्या पट्टीवरून आडनावे काढण्यापर्यंत वेळ आली. चौदा वर्षांचा मुलगा अशा हवेत जे टाइप करतो ते बहुतेकदा घरात, पारावर किंवा मोठ्यांच्या ग्रुपवर ऐकलेले असते. त्यात त्याचे स्वतःचे फार थोडे असते. आणि २०२६ मध्ये बारावी देणारा विद्यार्थी २०२०-२१ च्या लॉकडाऊनमध्ये सातवीत होता. त्याच्या हातात मोबाइल आपणच दिला, अभ्यासासाठी म्हणून. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकला किमान वय तेरा लागते, हे तेव्हा किती घरांत कुणी पाहिले असेल?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण बहुतेक चुका इथेच होतात.

अशा पोस्टला सहसा भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ (गटागटांत शत्रुत्व वाढवणे) किंवा २९९ (धार्मिक भावना दुखावणे) लागते. १९६ चा अपराध प्रार्थनास्थळी झालेला नसेल तर दोन्हींची कमाल शिक्षा तीन वर्षे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा अपराध ‘किरकोळ’ या वर्गात मोडतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१) खालच्या अपराधाला कमाल पाच वर्षे आहेत, म्हणून तो ‘किरकोळ’ वर्गात बसत नाही. सोळा वर्षांवरील मुलाला प्रौढ समजून खटला चालवण्याची वाट फक्त ‘निर्घृण’ वर्गाला, म्हणजे किमान सात वर्षे शिक्षा असलेल्या अपराधाला खुली आहे. पोस्ट तिथवर पोहोचत नाही. किरकोळ अपराधाची चौकशी मंडळाने चार महिन्यांत संपवायची असते. वाढीव दोन महिने धरूनही ती संपली नाही तर कार्यवाही आपोआप बंद होते. दोष ठरला तरी मंडळ समज देते, समुपदेशनाला पाठवते, समाजसेवा करायला लावते किंवा परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली ठेवते. वय मोजायचे ते पोस्ट टाकली त्या दिवसाचे. मुलगा आज एकोणीसचा असला आणि पोस्ट सतराव्या वर्षीची असली, तरी तो या कायद्याच्या लेखी विधिसंघर्षग्रस्त बालकच, म्हणजे अपराधाचा आरोप असलेले मूलच, प्रौढ नव्हे.

याच कायद्यातली दोन कलमे प्रत्येक प्राचार्यांच्या टेबलावर असायला हवीत. कलम २४ सांगते, की मंडळापुढे दोषी ठरलेल्या मुलाला त्या दोषामुळे येणारी कोणतीही अपात्रता चिकटणार नाही. कलम ७४ दोन गोष्टी करते. चौकशीतल्या मुलाची ओळख कोणत्याही माध्यमातून उघड करायला बंदी घालते, आणि ती मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवते. शिवाय प्रकरण मिटले असेल तर चारित्र्य दाखल्यासाठीसुद्धा पोलिसांनी मुलाची नोंद कुणाला देऊ नये, असे बजावते. पोलिसांना जी नोंद द्यायला मनाई आहे, तीच माहिती कॉलेजच्या खिडकीवर तोंडी विचारून प्रवेश अडवायचा, याला काय म्हणावे?

खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवणाऱ्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात न्या. संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात मुलांच्या इंटरनेटवरील खुणांचा मुद्दा मुद्दाम घेतला. बालवयातल्या चुकांचे परिणाम मुलांना जन्मभर भोगावे लागू नयेत, असे त्यांचे मत आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवायला कलम ९ मध्ये आडकाठी करतो. या कायद्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. बारावी झालेली बरीच मुले प्रवेशाच्या दिवशी सतराचीच असतात. त्यामुळे अर्जात ‘सोशल मीडिया अकाउंट’ असा रकाना टाकण्याची टूम कुणाच्या डोक्यात असेल तर ती आत्ताच काढून टाकावी. (जाता जाता, नोटिशीत अजून कुणी ‘आयटी कायदा कलम ६६ अ’ लिहीत असेल तर आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा सांगणारे ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ लाच रद्द केले आहे.)

‘अमेरिकेत तर हार्वर्डने प्रवेश रद्द केले’ हे उदाहरण चर्चेत नेहमी फेकले जाते. खरे आहे. २०१७ मध्ये फेसबुकच्या खासगी ग्रुपवरच्या मीम्सवरून किमान दहा जणांचे आणि २०१९ मध्ये सोळाव्या वर्षी लिहिलेल्या वंशद्वेषी मजकुरावरून एकाचे. पण तिथे प्रवेश देताना निबंध, शिफारसपत्रे आणि स्वभाव हे सगळे तोलले जाते. आपल्याकडे अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया २०२५-२६ पासून राज्यभर आहे, अभियांत्रिकीला सीईटी कक्षाची कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, आहे, वैद्यकीयला नीट आहे. गुण, प्रवर्ग, पसंतीक्रम, जागा. यात ‘चारित्र्य’ नावाचा गुण कुठेच नाही आणि तो संस्थेने आपल्या मनाने घालायचाही नाही. आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीचे घ्यावे. इन्स्टाग्रामवरच्या पोस्टवरून तिला महाविद्यालयाने काढून टाकले, पोलिसांनी अटक केली. ती एकोणीस वर्षांची, म्हणजे सज्ञान होती. तरी मुंबई उच्च न्यायालयाने तिचे म्हणणे न ऐकताच केलेली ती कारवाई स्थगित केली आणि परीक्षा देता यावी म्हणून सुटकेचा आदेश दिला. सज्ञान विद्यार्थिनीच्या बाबतीत हे झाले, तर पंधराव्या वर्षीच्या पोस्टवरचा तोंडी नकार खंडपीठापुढे किती वेळ टिकेल याचा अंदाज संस्थांनीच करावा.

तोंडी नकाराइतकाच वाईट प्रकार म्हणजे ‘चौकशी चालू आहे, पुढच्या आठवड्यात या’. कॅपमध्ये जागा मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत संस्थेत हजर राहून प्रवेश निश्चित केला नाही तर ती जागा हातची जाते. खिडकीवरच्या माणसाने चार दिवस लांबवले की नकारपत्र न देताही नकार होतो आणि कागदावर दोष विद्यार्थ्याचा दिसतो, ‘उमेदवार हजर झाला नाही’. परभणी किंवा हिंगोलीच्या खेड्यातून आलेल्या बापाला हा डाव कळेपर्यंत फेरी संपलेली असते. आणि तक्रार पाठवणारा कोण आहे, हेही एकदा प्रतीक्षा यादीशी ताडून बघावे. नेहमी नाही, पण कधी कधी उत्तर तिथेच सापडते.

आता त्या स्क्रीनशॉटकडे येऊ. समिती बसते, मोबाइल हातोहात फिरतो, सगळे मान हलवतात. प्रत्यक्षात त्या चित्राने जवळपास काहीच सिद्ध झालेले नसते.

व्हॉट्सअ‍ॅपचे घ्या. चॅटच्या वर किंवा स्टेटसवर जे नाव दिसते ते पाहणाऱ्याने आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेले नाव असते. कुठलाही नंबर कुठल्याही नावाने सेव्ह करा, डीपी मिळताजुळता ठेवा, दोन ओळी पाठवा आणि स्क्रीनशॉट काढा. नंबर दिसतच नाही. ‘एक्सपोर्ट चॅट’ करून आणलेली फाइल साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडून हवे ते बदलता येते. इन्स्टाग्राम संगणकाच्या ब्राउझरवर उघडून मजकुरावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ दाबले की पडद्यावरची अक्षरे बदलता येतात. दोन मिनिटांचे काम. मूळ पोस्टला धक्काही लागत नाही, पण स्क्रीनशॉट हवा तसा मिळतो. शिवाय बऱ्याच ठिकाणी तारखेऐवजी ‘३ आठवडे’, ‘२ वर्षे’ असे दिसते. ते कोणत्या दिवसापासून मोजायचे? स्क्रीनशॉट कधी काढला हे माहीत नसेल तर मुलाचे त्या वेळचे वयच ठरत नाही, आणि सगळा प्रश्न तर वयाचा आहे. वेबपानाच्या कोडमध्ये अचूक वेळ मिळते खरी, पण ती अनेकदा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. रात्री साडेबाराला टाकलेली पोस्ट तिथे आदल्या तारखेची दिसते, आणि वाढदिवसाच्या रात्री एवढ्यानेही गणित फिरते.

खाते कुणाचे, हा वेगळा प्रश्न. नाव आणि हँडल (खात्याचे ‘@’ने सुरू होणारे नाव) दोन्ही बदलता येतात. घरात एकच फोन, सिम मोठ्या भावाच्या नावावर, खाते बहिणीने उघडलेले आणि वापरतो धाकटा, ही आपल्याकडची सर्रास परिस्थिती आहे. लातूरच्या ट्यूशन एरियातल्या खोल्यांमध्ये चौघांत एक फोन फिरतो. पोस्ट कुणी लिहिली हे खात्याच्या नावावरून सांगता येत नाही.

न्यायालयात काय लागते ते आपल्या जालन्यानेच देशाला दिले आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीवरून गेलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला सांगितले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात घ्यायची तर कायद्यातले प्रमाणपत्र हवेच. आता तेच भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये आहे आणि प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा आकडी ठसा, लिहावे लागते. महाविद्यालयाची समिती म्हणजे न्यायालय नव्हे, मान्य. पण जो कागद न्यायालयाच्या दारातही शिरला नसता त्यावर एखाद्या लेकराचे वर्ष घालवायचे असेल, तर निदान मूळ लिंक, हँडल, नंबर आणि तारीख एवढे तरी मागा. ते देता येत नसेल तर फाइल उघडूच नका.

दाखल्याकडे वळतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो. तिथे ‘चांगली’ लिहायची रीत आहे. ‘समाधानकारक’ लिहिले की पुढच्या कारकुनाची भुवई वर जाते, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत विद्यार्थ्याच्या परस्परसंबंधांबाबत व सामाजिक वर्तणुकीबाबत नोंद असलेला दाखला मागितला आहे, आणि त्याचा आधार घेऊन काही जण सोशल मीडियाचा शेरा मारतात. ते विनियम रॅगिंगसाठी आहेत. आणि रॅगिंगचाच राज्याचा १९९९ चा कायदा बघितला तर पाच वर्षे प्रवेशबंदी आहे खरी, पण न्यायालयात दोष सिद्ध झाल्यावर. एका मीमला त्याहून कडक नियम कसा लावणार? शाळेबाहेर, शाळेच्या वेळेबाहेर, शाळेतल्या कुणालाही उद्देशून नसलेल्या पोस्टचा शेरा दाखल्यावर मारू नये. मारला असेल तर तो प्रवेश देणाऱ्याने वाचू नये.

दुसरी वाईट सवय म्हणजे माफीनामा. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘मी अमुक पोस्ट टाकली, माझी चूक झाली’ असे मुलाकडून लिहून घ्यायचे आणि पालकाची सही घ्यायची. प्राचार्यांना वाटते प्रकरण मिटले. प्रत्यक्षात वकिलाशिवाय आणि समुपदेशकाशिवाय अल्पवयीन मुलाकडून लेखी कबुली घेतली गेलेली असते, आणि तिचा फोटो संध्याकाळपर्यंत गावातल्या ग्रुपवर असतो. त्याहून वाईट म्हणजे जमावापुढे कान धरून माफी मागायला लावून केलेला व्हिडिओ. प्रकरण पोलिसांत किंवा मंडळात असेल तर हा व्हिडिओ पसरवणारा थेट कलम ७४ मध्ये अडकतो. संस्थेच्या आवारात असे काही झाले तर जबाबदारीतून संस्थेला अंग काढता येणार नाही.

एवढे सगळे वाचून कुणी विचारेल, आणि विचारावेच, की जिच्याबद्दल लिहिले तिचे काय? जातीवरून शिवी खाल्लेला मुलगा उद्या त्याच वर्गात, त्याच मेसमध्ये बसणार आहे. इथे पोस्ट कोणत्या प्रकारची आहे हे पाहावेच लागते. एखाद्या समाजाबद्दलचे घाणेरडे मीम एक गोष्ट. ठरावीक मुलीचे किंवा मुलाचे नाव घेऊन केलेला छळ दुसरी. धमकी, मॉर्फ केलेला नग्न फोटो, घराचा पत्ता टाकून ‘बघून घ्या’ म्हणणे ही तिसरी, आणि तिथे समिती बसवायची नसते. अल्पवयीन मुलीचे अश्लील चित्र तुमच्यापर्यंत आले तर बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हा अपराध. ते चित्र ‘माहितीसाठी’ समिती सदस्यांच्या ग्रुपवर पाठवणे हा आयटी कायद्याच्या ६७ ब खाली वेगळा अपराध. फोन तसाच ठेवा, काही पुसू नका, पुढे पाठवू नका, बालकल्याण पोलिस अधिकाऱ्याला बोलवा. प्रत्येक ठाण्यात असा अधिकारी नेमलेला असतो. मुलासाठी मदत हवी असेल तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे छळ सोसलेली व्यक्ती त्याच महाविद्यालयात येत असेल तर प्रवेश दोघांनाही द्यावा आणि व्यवस्था तिच्या सोयीने लावावी. वेगळी तुकडी, वेगळी प्रात्यक्षिक बॅच, वसतिगृहाची वेगळी इमारत, आणि तिने कुणाकडे जायचे त्या प्राध्यापिकेचे नाव लेखी. हलायचे त्याने, तिने नाही. प्रवेशानंतर पुन्हा काही केले तर ती नवी कृती, तिला आचारसंहिता पूर्णपणे लागू. पंधराव्या वर्षीची पोस्ट एकोणिसाव्या वर्षी पुन्हा शेअर केली तर तीही नवीच. आमची सूट फक्त वयाला आहे.

पहिल्या प्रकाराला प्रवेशाच्या दिवशी काहीच करू नये. वर्ग सुरू झाल्यावर समुपदेशकाने बोलवावे, पोस्ट अजून दिसत असेल तर काढायला सांगावे, शाळेत कुणी तरी घ्यायला हवा होता तो संवाद तेव्हा घ्यावा. स्टेटस पुसायला लावून मन साफ होते असे आम्हाला वाटत नाही, पण चार महिने वेगवेगळ्या जातींच्या मुलांबरोबर एका मेसमध्ये जेवून जो फरक पडतो तो प्रवेश नाकारून नक्कीच पडत नाही. बाहेर ठेवलेला मुलगा जातो कुठे? ज्या ग्रुपवर तो ते शिकला, तिथेच.

तक्रार आलीच तर ती विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जावी. यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे ही समिती असणे बंधनकारक आहे, तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यावर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येते. निनावी तक्रार घेऊ नये. मूळ कागदपत्रे अडकवून ठेवू नयेत, यूजीसीने २०१८ मध्येच ते मना केले आहे. आणि समितीचे काम चालू असताना प्रवेश थांबवू नये, हे सर्वात महत्त्वाचे.

दोन्ही विद्यापीठांनी यासाठी एक पानी परिपत्रक काढावे आणि महाविद्यालयांनी पुढील मजकूर माहितीपुस्तिकेत, ‘आवश्यक कागदपत्रे’ या पानाच्या लगेच पुढे छापावा, अशी आमची मागणी आहे :

‘अर्जदाराने वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी समाजमाध्यमांवर केलेल्या कोणत्याही मजकुराच्या आधारे प्रवेश नाकारला, लांबवला वा सशर्त दिला जाणार नाही. अशा मजकुराबाबत अर्जदार वा पालकाकडून लेखी कबुली, माफीनामा किंवा खात्यांची माहिती घेतली जाणार नाही. अर्जदाराच्या मजकुरामुळे ज्यांना प्रत्यक्ष त्रास झाला आहे अशा विद्यार्थ्यांनी आपले नाव देऊन, मूळ लिंक व तारखेसह तक्रार निवारण समितीकडे अर्ज करावा. त्यांच्या सुरक्षिततेची व्यवस्था वर्ग सुरू होण्यापूर्वी केली जाईल. धमकी किंवा अश्लील चित्रणाच्या तक्रारी त्याच दिवशी पोलिसांकडे दिल्या जातील.’

कळावे,
आपले,
बाल न्याय, समुपदेशन, प्रवेश प्रक्रिया आणि डिजिटल पुरावा या क्षेत्रांत काम करणारे मराठवाड्यातील सहकारी